ॲसिड उतरलं पण भावाची झोप गेली, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न बराच लांब होता, तो आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाऊ २१ वर्षांचा, डोंबिवलीला आईवडिलांबरोबर आणि तुमच्याबरोबर राहतो. मित्रांनी अलिबागला बंगला घेतला होता, तिथे कोणीतरी आणलेला ॲसिडचा, म्हणजे एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या पदार्थाचा पेपर त्याने पहिल्यांदाच घेतला, रात्रभर घाबरून थरथरत होता, सकाळी सगळे म्हणाले आता उतरलं. त्याला १२ दिवस झाले. रात्री दोन-तीन तास झोपतो, हात हलवला की हाताच्या मागे रेघा दिसतात म्हणतो, आणि गेल्या चार दिवसांपासून म्हणायला लागलाय की मित्रांनी त्या रात्रीचा व्हिडिओ काढलाय आणि ट्रेनमधले लोक त्याच्याकडे बघून हसतात. मित्र म्हणतात ॲसिडचंच आहे, जाईल. आई म्हणते बाहेरचं काहीतरी लागलंय. सख्खे काका कित्येक वर्षं मानसिक आजाराच्या गोळ्या घेतात. आणि तुम्ही विचारताय की याला वेड लागणार का, डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांची भानगड होईल का, आणि अजून किती दिवस वाट बघायची.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वाट बघू नका, उद्याच दाखवा.

कारण ॲसिडचा अंमल ८ ते १२ तासांचा असतो, पुढे एखादा दिवस अंग गळून जातं, मूड पडतो, झोप पुढेमागे होते, आणि तिथे तो विषय संपायला हवा. शरीरातून ते इतक्या लवकर निघून जातं की आज त्याच्या रक्तात किंवा लघवीत काही सापडणारसुद्धा नाही. (केमिस्टकडे मिळणारं लघवीचं किट आणून घरी गुपचूप टेस्ट करायच्या भानगडीत पडू नका, त्या किटमध्ये गांजा, अफूचे पदार्थ, झोपेच्या गोळ्या असलं धरलेलं असतं, एलएसडी बहुतेक किटमध्ये नसतंच, आणि मुलाला कळलं तर उरलासुरला विश्वास जाईल.) ॲसिड पाठीच्या कण्यात किंवा चरबीत साठून राहतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटतं हे जे मुलं एकमेकांना सांगतात ते खोटं आहे. म्हणजे १२ व्या दिवशी जे चाललंय ते आता ॲसिडचं काम नाही, ॲसिडने सुरू करून दिलेलं दुसरंच काहीतरी आहे, आणि त्याला लवकर औषध मिळालं तर फार फरक पडतो.

मी सायकियाट्रिस्ट आहे, बरीच वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात काढली, आता दादरला बसते. असल्या केसमध्ये घरचे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात तो "उतरेल उतरेल" म्हणण्यात. मी पहिला प्रश्न नेहमी झोपेचा विचारते, काय घेतलं किती घेतलं हे नंतर. झोप परत आलेली असेल तर मी जरा निवांत असते. झोप नाही, आणि वर संशय सुरू झालाय, म्हणजे मग दिवस मोजत बसायचं नसतं.

आता हे नक्की काय असतं ते सांगते, कारण घरच्यांना सगळंच "ड्रग्ज" या एका शब्दात दिसतं आणि मुलांना सगळंच "नॅचरल आहे, सवय लागत नाही" यात दिसतं, आणि दोघांचंही अर्धवट आहे.

एलएसडी म्हणजे मुलं ज्याला ॲसिड, पेपर, स्टॅम्प, ब्लॉट म्हणतात ते. आल्बर्ट हॉफमन नावाच्या स्विस केमिस्टने १९३८ साली बाझलला सँडोझ कंपनीच्या लॅबमध्ये ते पहिल्यांदा बनवलं, पण त्याचा मेंदूवरचा परिणाम कळला १९४३ च्या एप्रिलमध्ये. त्याने स्वतःवर प्रयोग करायचा म्हणून २५० मायक्रोग्रॅम घेतले, त्याच्या हिशोबाने हा अगदी किरकोळ डोस होता. निघाला भरपूर जास्त. सायकलवरून घरी गेला, वाटेत सगळं वेडंवाकडं दिसायला लागलं, शेजारीण दूध घेऊन आली तर ती चेटकीण वाटली, आपण वेडे झालो किंवा मरतोय असं वाटलं. डॉक्टर आले तर त्यांना डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात याशिवाय काही सापडलं नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगतेय, कारण ज्याने तो पदार्थ बनवला, ज्याच्याकडे लॅबचा काटा होता, त्याचासुद्धा डोसचा अंदाज चुकला. मिठाचा एक बारीक कण असतो ना, साधारण तेवढ्या वजनात माणूस दहा तास दुसऱ्या जगात जातो. आणि इकडे बंगल्यावर कोणीतरी कात्रीने पेपरचे तुकडे करून "अर्धाच घे, लाइट आहे" म्हणतो, त्याला काय माहीत कुठल्या तुकड्यावर किती थेंब बसलाय.

सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, आणि ते पेशीवर जिथे बसतं तो रिसेप्टर. मेंदूत ॲसिड काम करतं ते याच रिसेप्टरवर, मुख्यतः फाइव्ह-एचटी-टू-ए नावाच्या. डोळ्यांनी आलेलं, कानांनी आलेलं मेंदू एरवी गाळून, अर्थ लावून आपल्यापुढे ठेवतो, ती गाळणीच ढिली होते. त्यामुळे भिंती श्वास घेतल्यासारख्या हलतात, रंग भडक होतात, गाणं दिसतंय असं वाटतं, पाच मिनिटं तासाभराची होतात, आणि मी आणि बाकीचं जग यातली सीमा पुसट होते. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरमध्ये बसलेल्या एलएसडीची रचना पाहिली तेव्हा दिसलं की रेणू आत बसला की रिसेप्टरचाच एक भाग त्याच्यावर झाकणासारखा येतो, म्हणून तो लवकर सुटत नाही. मशरूममधला सिलोसायबिन याच जातीचा, त्याचा अंमल ४ ते ६ तासांचा. कोडाईकॅनालला जाऊन मशरूम खाऊन आलेली मुलं मला नेहमी सांगतात की मॅडम ते जंगलात उगवतं, केमिकल नाही. उगवतं म्हणून सौम्य असतं असं कुठे आहे.

जो अनुभव एकाला अद्भुत वाटतो तोच दुसऱ्याला भयानक वाटतो, आणि त्याच माणसाला एकाच रात्रीत दोन्ही वाटू शकतं, हे लोकांना खरं वाटत नाही. सीमा पुसट होणं हे शांत मनाला समुद्रकिनाऱ्यावर छान वाटेल, आणि ज्याचा ब्रेकअप झालाय, परीक्षा राहिलीय, दोन रात्री झोप नाही, आजूबाजूला स्पीकर आणि अनोळखी माणसं, त्याला तीच गोष्ट आपण मरतोय अशी वाटते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०१६ मध्ये मशरूम घेऊन वाईट अनुभव आलेल्या जवळजवळ दोन हजार जणांचा सर्व्हे छापला, त्यातले ३९ टक्के म्हणाले की हा आयुष्यातल्या सगळ्यात कठीण पाच अनुभवांपैकी एक होता, आणि ११ टक्क्यांनी त्या अवस्थेत स्वतःला किंवा दुसऱ्याला धोक्यात टाकलं होतं. ज्यांना वाईट अनुभव आला त्यांनाच विचारलं होतं हे लक्षात घ्या, सगळ्या घेणाऱ्यांचा हा आकडा नाही, पण बॅड ट्रिप म्हणजे काय लेव्हलची गोष्ट आहे ते यावरून कळतं.

एलएसडीच्या विषारीपणाने सरळ माणूस मेला असं फार क्वचित होतं, हे मी लपवणार नाही, लपवलं तर मुलं बाकीचंही ऐकत नाहीत. पण माणूस जातो तो बाल्कनीतून, रुळावरून, पाण्यातून. अलिबागला समुद्र दोन मिनिटांवर आणि रात्री भरती, हे डोळ्यासमोर आणा. मुंबईत तर विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये या पार्ट्या होतात. त्या रात्री त्याच्याजवळ कोणी तरी बसून होतं हे तुम्ही लिहिलंय, त्या मुलाचे आभार माना खरंच.

पुढे कधी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत अशी वेळ आली तर काय करायचं ते इथेच सांगते. गर्दीतून बाजूला घ्या, गाणी बंद, मोठे लाइट बंद, ओळखीचा एकच माणूस शेजारी, आणि तो सतत हेच सांगत राहील की तू घेतलंयस म्हणून असं होतंय, हे संपणार आहे, मी कुठे जात नाही. वाद घालायचा नाही, "काही नाहीये तिथे" म्हणून ओरडायचं नाही, बांधून ठेवायचं नाही, व्हिडिओ तर अजिबात काढायचा नाही. लिंबू, दही, ताक पाजून काही उतरत नाही, उलट ठसका लागेल. घरातली झोपेची गोळी द्यायची नाही, दारू पण झालेली असेल तर श्वासाला धोका असतो. बाल्कनीचं दार लावून घ्या, गाडीची किल्ली काढून घ्या. आणि अंग चटका बसेल इतकं तापलं, फिट आली, हातपाय ताठ झाले, छातीत दुखतंय, उठवून उठत नाही, किंवा अंगावर धावून येतोय आणि आवरत नाही, तर १०८ ला फोन करून जवळच्या कॅज्युअल्टीत. तिथे काय घेतलं ते खरं सांगायचं, सोबत काय काय घेतलं तेही. डॉक्टरांना खरं कळलं तर शिरेतून शांत करायचं योग्य औषध देतात आणि मॉनिटरला लावून ठेवतात, नाही कळलं तर डोक्याला मार लागलाय का, मेंदूज्वर आहे का यातच रात्र जाते.

आता पेपरवर ॲसिडच होतं का हा वेगळाच मुद्दा, आणि माझ्या मते आजकालचा सगळ्यात मोठा धोका तोच. एन-बोम नावाचा एक कृत्रिम गट आहे, तोही अशाच छापील कागदावर ॲसिड म्हणून विकला जातो. एलएसडीला इतक्या कमी प्रमाणात चव जवळजवळ नसते, एन-बोम कडू लागतं, जीभ बधिर होते. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आणि ताप प्रचंड वाढतो, फिट येतात, आणि त्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. म्हणून भावाला हा एक प्रश्न शांतपणे विचारा, चव कडू होती का, आणि डॉक्टरांना सांगा. चव लागली नाही म्हणजे माल शुद्ध होता असा अर्थ मात्र कोणी काढू नका.

एमडी वेगळं बरं का. मुंबईत पेपरात रोज एमडीच्या बातम्या येतात म्हणून पालक मला विचारतात की तेच का हे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते उत्तेजक, माणूस जागा राहतो, बडबडतो, परत परत मागतो, त्याची सवय लागते. २०१५ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. ॲसिडची तशी शारीरिक ओढ लागत नाही, उलट लागोपाठ घेतलं तर दोन-तीन दिवसांत अंमलच चढेनासा होतो. त्यामुळे "सवय लागत नाही" हे मुलांचं म्हणणं बरोबर आहे, पण सवय लागणं हा एकच धोका असतो असं समजून चालतात तिथे फसतात, कारण याचं नुकसान व्हायला पहिली वेळ पण पुरते.

आणि धोत्रा. हे विचारलं नव्हतं तुम्ही, तरी सांगते, कारण ॲसिड मिळत नाही म्हणून किंवा फुकट मिळतं म्हणून धोत्र्याच्या बिया खाणारी मुलं कॅज्युअल्टीत पाहिलीत. महादेवाला वाहतो तोच धोत्रा, कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर उगवतो. त्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, तो प्रकार ॲसिडपेक्षा कितीतरी घातक. ॲसिडवरच्या माणसाला बहुतेक वेळा कळत असतं की हे आपण घेतलंय म्हणून होतंय, धोत्र्यात ते भानच जातं, समोर नसलेल्या माणसाशी तासन् तास गप्पा मारतो, हवेतले धागे वेचतो. तोंडाला कोरड, अंग लालबुंद आणि गरम, बाहुल्या मोठ्या, नाडी पळते, लघवी अडकते. दोन-तीन दिवससुद्धा टिकतं आणि जीव जाऊ शकतो. धोत्रा खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आता तुमच्या भावाकडे येते, कारण त्याच्यात मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतायत आणि त्या वेगळ्या करणं महत्त्वाचं आहे.

हाताच्या मागे रेघा दिसणं, दिव्याभोवती वलय दिसणं, भिंतीवर टीव्हीला सिग्नल नसताना येतात तसे ठिपके दिसणं, हे काही जणांना ट्रिपनंतर काही दिवस, आठवडे, क्वचित महिने राहतं. लांबलं आणि त्रास व्हायला लागला तर त्याला आमच्याकडे एचपीपीडी म्हणतात. त्यात माणसाला पक्कं माहीत असतं की हे खरं नाही, डोळ्यांचा खेळ आहे. दमला, झोप नाही, गांजा ओढला, टेन्शन घेतलं की वाढतं. बहुतेकांचं हळूहळू कमी होत जातं, आणि दिवसभर तेच तपासत बसलं की जास्त जाणवतं. नुसतं एवढंच असतं तर मी म्हटलं असतं आठवडाभरात कधीही या, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्या.

दुसरी गोष्ट ट्रेनमधले लोक हसतात ही. इथे त्याला ते खरं वाटतंय. तुम्ही लिहिलंय की मित्राने स्वतःचा फोन उघडून दाखवला, व्हिडिओ नाहीये, तरी तो म्हणाला डिलीट केला असणार. हे मला काळजीचं वाटतं. पुरावा समोर ठेवला तरी जी समजूत हलत नाही तिला आम्ही भ्रम म्हणतो, आणि झोप गेलेली, भ्रम सुरू झालेला, हे सायकोसिसचं, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होणाऱ्या अवस्थेचं, सुरुवातीचं चित्र असू शकतं. असू शकतं म्हणतेय, कारण न बघता निदान करणं चूक आहे. पण बघितलंच पाहिजे इतकं नक्की.

काकांचा आजार यात का येतो तर, स्किझोफ्रेनिया हा भास आणि भ्रमांचा दीर्घ आजार सगळ्या लोकांत मिळून साधारण १०० तल्या एकाला होतो, सख्ख्या काकाला असेल तर तो धोका शंभरात तीन-चारच्या आसपास जातो. म्हणजे पुतण्यांपैकी बहुतेकांना काही होत नाही, घाबरून जाऊ नका. पण ज्या मुलात ही प्रवृत्ती आधीच असते त्याच्यात ॲसिड, मशरूम आणि विशेषतः रोजचा गांजा हे ती बाहेर काढू शकतात, आणि वय १८ ते २५ हेच त्या आजाराचं सुरू व्हायचं वय आहे. काकांना नक्की काय आहे ते वडिलांना विचारा. आपल्याकडे घरात "त्यांचं डोकं दुखतं म्हणून गोळ्या घेतात" असं काहीतरी सांगून ठेवलेलं असतं, मुलांना माहीतच नसतं की आपल्या रक्तात काय आहे. काकांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून आणलात तरी मला अर्धं कळेल.

तर वेड लागणार का? प्रामाणिक उत्तर असं की अशा अवस्थेत आलेली बरीच मुलं औषधाने काही आठवड्यांत ठीक होतात आणि परत कॉलेजला जातात. काहींचं पुढे दीर्घ आजारात रूपांतर होतं. डेन्मार्कमध्ये २०१८ साली छापलेला एक मोठा अभ्यास आहे, नशेमुळे सायकोसिस झाला असं निदान झालेल्यांपैकी साधारण ३२ टक्के लोकांना पुढच्या वर्षांमध्ये स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर (मन कधी अती चढतं, कधी पार पडतं असा आजार) झाला, आणि त्यात गांजावाले सगळ्यात वर होते. म्हणजे तीनातले दोन वाचले असंही वाचता येतं आणि एकाला झालं असंही. माझा अनुभव इतकाच सांगतो की लवकर आलेले, पूर्ण औषध घेतलेले, आणि गांजा खरोखर सोडलेले, यांचं चांगलं होतं. भाऊ आता झोप यावी म्हणून मित्रांबरोबर जॉइंट मारतो असं तुम्ही सहज एका वाक्यात लिहिलंय. तो आजपासून बंद. बाकी माझं काही ऐकलं नाही तरी हे ऐका.

त्याचे मित्र तुम्हाला दोन गोष्टी तोंडावर फेकतील, त्यांची उत्तरं देऊन ठेवते. पहिली, २०१३ साली अमेरिकेतल्या १ लाख ३० हजार लोकांच्या सर्व्हेत असल्या पदार्थांचा आणि मानसिक आजाराचा संबंध सापडला नाही. बरोबर आहे, नाही सापडला. पण तो घरोघरी जाऊन केलेला सर्व्हे होता, त्यात हॉस्पिटलात भरती असलेली माणसं धरलेलीच नसतात, आणि एकूण लोकसंख्येत फरक दिसला नाही म्हणजे घरात आजार असलेल्या एका २१ वर्षांच्या मुलाला धोका नाही असं होत नाही.

दुसरी, परदेशात डॉक्टर हेच औषध म्हणून देतात. तेही खरं आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ठरावीक परवानगी असलेले सायकियाट्रिस्ट बाकी उपचारांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सिलोसायबिन देऊ शकतात. मला स्वतःला या संशोधनाबद्दल आशा आहे, माझ्याकडे असे पेशंट आहेत ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही आणि त्यांच्यासाठी मी हे सगळं वाचत असते. पण तिथे आधी कित्येक प्रश्न विचारून गाळणी लावतात, आणि स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस, बायपोलर असेल तर त्या ट्रायलमध्ये सहसा घेतच नाहीत. तुमच्या भावाला काकांमुळे बहुतेक दारातूनच परत पाठवलं असतं. शुद्ध पदार्थ, मोजलेला डोस, शेजारी पूर्ण वेळ बसलेले ट्रेन झालेले लोक, नंतर पुन्हा पुन्हा बोलणं, हे सगळं मिळून तो उपचार होतो. बंगल्यावरच्या पेपरमध्ये यातलं काहीही नव्हतं.

गोळ्यांचंही एक सांगायला हवं, कारण बऱ्याच मुलांच्या चालू असतात आणि ती घरी सांगत नाहीत. लिथियम (बायपोलरसाठी देतात ती गोळी) चालू असताना ॲसिड किंवा मशरूम घेतलं की फिट येऊ शकते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांवर अंमल कमी चढतो, मग मुलं डोस वाढवतात किंवा गोळ्याच बंद करतात, आणि गोळ्या एकदम बंद केल्याचा त्रास वेगळा सुरू होतो.

पोलिसांचं. एलएसडी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे आणि तो कायदा कडक आहे. ०.००२ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ०.१ ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण, त्याला कमीत कमी १० वर्षं शिक्षा आणि जामीन मिळणं महाकठीण. कागदाचं वजन धरायचं की नुसत्या द्रव्याचं यावर कोर्टात वाद झाले, आणि मुंबई हायकोर्टाने कागदासकट वजन धरलेलं आहे, म्हणजे थोड्याच तुकड्यांत माणूस त्या आकड्याच्या पुढे जातो. "माझ्याकडे दे, मी ठेवतो" म्हणणारा कॉलेजचा मुलगा कशात अडकतोय हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे घरात काही उरलेलं असेल तर ते कपाटात राहू देऊ नका.

पण उपचाराला नेण्याचा आणि पोलिसांचा संबंध जोडू नका. ओपीडीत केसपेपर काढून दाखवायला गेलात तर डॉक्टर पोलिसांना फोन करत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे, आणि एनडीपीएस मध्येच कलम ६४ए आहे, स्वतःहून उपचार घ्यायला येणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देणारं. बेशुद्ध अवस्थेत कॅज्युअल्टीत विषबाधा म्हणून आणलं तर एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद होऊ शकते, ती हॉस्पिटलची पद्धत आहे, तुमच्यावर उठलेलं नसतं कोणी, आणि त्या भीतीने उशीर करून जीव घालवण्यात अर्थ नाही.

उद्याचं सांगते. डोंबिवलीहून सायनला किंवा परळला केईएमला या, सकाळी लवकर निघा कारण केसपेपर सकाळीच निघतात, सायकियाट्रीची ओपीडी विचारा. नायर, कूपर, जे. जे. मध्येही विभाग आहेत. खाजगी परवडत असेल तर जवळचा कुठलाही एमडी सायकियाट्री झालेला डॉक्टर चालेल, माझ्याकडेच यायला हवं असं बिलकुल नाही. आजच्या आज कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

भावाला "तुला वेड्याच्या डॉक्टरकडे नेतेय" असं नाही सांगायचं, आणि फसवूनही न्यायचं नाही, डोळे तपासायला चाललोय वगैरे. त्याला म्हणा, तुला झोप नाहीये, झोपेसाठी दाखवू. ते खरंच आहे आणि त्यालाही झोप हवीच आहे, बहुतेक तयार होईल. ट्रेनमध्ये त्याला त्रास होतोय तर गर्दीच्या वेळी नेऊ नका, परवडत असेल तर रिक्षा-टॅक्सी करा. ते लोक हसतात का यावर त्याच्याशी वाद नको आणि हो ला हो पण नको, "तुला तसं वाटतंय म्हणजे किती भीती वाटत असेल" इतकंच म्हणा. आईला सांगा दृष्ट काढायची तर काढा, देवाला नवस बोलायचा तर बोला, मी कधी कुणाच्या आईला त्यावरून बोलत नाही, पण कुठल्या बाबाकडे नेऊन उपाशी ठेवणं, धुरी देणं, मारणं यातलं काही नको, आणि डॉक्टरच्या आधी नको. वडील "ठाण्याला भरती करतील" म्हणून घाबरतील, तर पहिल्या भेटीत बहुतेक मुलं गोळ्या घेऊन घरीच जातात. भरती करायची वेळ आली तरी ती थोड्या दिवसांची असते.

सोबत हे न्या: तो घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, काकांच्या गोळ्यांचा फोटो, आणि अलिबागच्या त्या रात्रीपासून रोज किती तास झोपला ते एका कागदावर लिहून. शक्य असेल तर त्या रात्री शेजारी बसलेल्या मित्रालाही आणा, त्याने जे पाहिलं ते तुमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही.

आणि आज रात्री मध्येच जर तो म्हणाला की कोणीतरी मला सांगतंय हे कर ते कर, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, किंवा तुमच्यावरच संशय घेऊन दार लावून बसला, तर सकाळची वाट बघायची नाही, तुम्ही आणि वडील दोघं मिळून त्याला जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगा की सायकियाट्रीचा रेफरन्स हवाय. तोपर्यंत खिडकीजवळच्या खोलीत एकटा झोपवू नका, तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्या खोलीत गादी टाका.